पोटखराबा

वडील गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी शेताच्या वाटणीचा विषय निघाला आणि मी पहिल्यांदाच आमचा सातबारा नीट वाचला. तोवर तो कागद तलाठ्याकडून आणायचा, कपाटात ठेवायचा आणि सोसायटीच्या कर्जाच्या वेळी शोधायचा, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. जिरायत क्षेत्राच्या खाली एक ओळ होती. पोटखराबा. पुढे हेक्टर आणि आर. आकाराच्या, म्हणजे साऱ्याच्या, रकान्यात काहीच नाही.

"दादा, हे काय?" मी चुलतभावाला विचारलं.

"अगं, तो वरचा माळ. तिथं काही पिकत नाही म्हणून त्याला आकार नाही. कुणाच्याही वाट्याला टाकला तरी चालेल." एवढं सांगून तो पुढच्या गटाकडे वळला.

मला मात्र त्या शब्दापुढे जाता येईना. चांगल्या शेताच्या पोटात राहून गेलेला खराब भाग. आमचं गाव मोरगाव-सुप्याच्या पट्ट्यातलं. सह्याद्रीनं पाऊस अडवून घेतल्यावर जो उरतो तो इकडे येतो, वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर. वीतभर माती, मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा दगड. अशा जमिनीवर गवत येतं आणि गवतच टिकतं. लहानपणी त्या माळावर मी आत्याच्या मागे मागे खूप हिंडले आहे. ती गोवऱ्यांसाठी शेण गोळा करायला जायची आणि मी तिच्या पाटीत माझ्या चिजा टाकायची. गारगोट्या, साळिंदराचा काटा, एकदा सापाची अख्खी कात. माळाचा तुकडा न् तुकडा तिला नावानं माहीत होता. तरसाची घळ, नेपतीचं टेकाड, लांडग्याचा ओघळ. सातबाऱ्यावर यातलं एकही नाव नव्हतं. वाटणीआधी एकदा माळ बघून यावा म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी गावी गेले.

उन्हाळ्यातला माळ बघायचा तर दिवस उगवायच्या आत तिथे पोचावं लागतं. आपण बहुतेक जण तो एसटीच्या खिडकीतून बघतो, भर दुपारी, डोळे किलकिले करून. मग तो मेलेला वाटला तर नवल नाही. त्या वेळी माणूसही घरात मेल्यासारखाच पडलेला असतो.

मी वर पोचले तेव्हा पूर्वेला नुसती राखाडी रेघ होती. वारा अजून गार होता. गवत पोटरीपर्यंत, भाकरीच्या वाळलेल्या पापुद्र्याच्या रंगाचं. त्यातून चाललं की पायाखाली पाचोळा चुरडल्यासारखा आवाज येत होता, म्हणून एका दगडावर बसून राहिले. उजाडता उजाडता चिमणीपेक्षाही लहान एक पक्षी गवतातून सरळ वर उडाला. तीन-चार पुरुष उंच गेला, पंख मिटून धोंड्यासारखा खाली आला, आणि आता आपटणार असं वाटेपर्यंत पुन्हा वर उसळला. असं पायरीपायरीनं खाली येताना दर वेळी एक लांब शीळ. उतरला तेव्हा त्याचं काळं पोट आणि राखाडी टाळू दिसली. त्याचं नाव डोंबारी. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्यानं गावच्या चौकातला दोरीवरचा खेळ पाहिला असणार आणि हा माळावरचाही. त्याची मातकट मादी गवताच्या एखाद्या बुडख्याशी बसलेली असते. तिथे वाटीएवढ्या खळग्यात तिचं घरटं असतं. त्याचा खेळ तिच्यासाठी चाललेला असतो.

सूर्य वर आला तेव्हा माझ्या सलवारीच्या काठाला कुसळांची झालर लागलेली दिसली. कुसळ म्हटलं की आपल्याला दुसऱ्याच्या डोळ्यातलं आठवतं, त्याच्याकडे नीट कुणी बघत नाही. मी एक उपटून घेतलं. एका टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर तांबूस लव, बीच्या मागे बोटभर लांबीचं काळसर शेपूट, सुतासारखं पिळलेलं आणि मध्येच काटकोनात वाकलेलं. बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं आणि कुसळ त्यात ठेवलं. पाच-दहा सेकंद काही झालं नाही. मग शेपटाचं टोक हललं आणि घड्याळाच्या काट्यासारखं फिरू लागलं. पीळ उलगडत होता. एक वेढा, दुसरा वेढा. बीचं टोक माझ्या तळव्यात टोचायला लागलं. पाणी सुकलं की पीळ पुन्हा भरतो, आणि बी आणखी थोडं आत जातं. रात्री दमट हवा, दिवसा कोरडी, अशा उलटसुलट फिरण्यानं हे बी स्वतःला गिरमिटासारखं जमिनीत बसवतं. बीवरची लव मागे वळलेली असते, त्यामुळे गेलेलं परत बाहेर येत नाही. त्या माळावर अशी कुसळं गुंत्यागुंत्यानं पडलेली होती. लाखो गिरमिटं पाण्याची वाट बघत.

आणि फुलं? वैशाखाच्या तोंडावर माळावर फुलं असतात का, असं मला पुण्यातल्या मैत्रिणीनं विचारलं होतं. असतात. पण ती मान वर करून सापडत नाहीत, बसावं लागतं. पहिली सापडली ती रिंगणी. जमिनीला चिकटून थाळीएवढी पसरलेली, पानांवर, देठांवर, शिरांवर काटेच काटे. हातात धरायला जागा नाही. आणि त्या काट्यांत पाच पाकळ्या जुळून झालेली जांभळी चांदणी, मधोमध पिवळेधमक पुंकेसर एकत्र उभे. या फुलात मध नसतो. परागही उघड्यावर नसतात, पुंकेसरांच्या टोकाला सुईच्या नाकाएवढं भोक असतं, त्याच्या आत ते कोंडलेले. निळ्या पट्ट्यांची एक माशी आली. तिनं पुंकेसरांना मिठी मारली आणि अंग थरथरवलं. तिचा उडतानाचा आवाज वेगळा आणि हा वेगळा, बारीक आणि घट्ट, शिवणयंत्र जाड कापडावर गेल्यासारखा. त्या थरथरीनं पराग भोकातून तिच्या पोटावर सांडले. तिनं ते पायांनी झाडून गोळा केले आणि पुढच्या फुलावर गेली. आयुर्वेदातली कंटकारी ती हीच, दशमुळांपैकी एक. माळावर मात्र ती कुणाचं औषध म्हणून उगवलेली नसते.

तिच्याशेजारी उन्हाळी होती. उन्हाळी हे त्या झुडपाचं नावच आहे. बाकी सगळं वाळलं तरी हिचा हिरवेपणा टिकतो. आत्यानं मला लहानपणी तिचा खेळ शिकवला होता. पानाचं टोक चिमटीत धरून हळूच ओढायचं. पान आडवं फाटत नाही, बाणाच्या मागच्या पिसासारखं तिरकं तुटतं. संस्कृतात तिला शरपुंखा म्हणतात ते यावरून, हे मला फार नंतर कळलं. आत्याला संस्कृत येत नव्हतं, पण बाणाचं पीस तिनंच मला दाखवलं होतं. मी पान ओढून पाहिलं. तसंच तुटलं.

नेपतीच्या टेकाडावर नेपती फुललेली होती. तिला पानं नाहीतच म्हटलं तरी चालेल. नुसत्या हिरव्या काड्यांचं जाळं, आणि त्या काड्यांना विटकरी लाल फुलांचे झुपके. एक शिंजीर त्यातून त्यातून हिंडत होता. थोडं पुढे, उघड्या मुरमातून कमरेएवढी एक काठी उभी होती. खाली पान नाही, फांदी नाही, आणि वरच्या भागात मातकट पांढरी, माना खाली घातलेली फुलं. मला ते काय आहे ते कळेना.

"रानकांदा हाय तो ताई," मागून आवाज आला. शेजारच्या वाडीवरचे मेंढपाळ मामा होते, खांद्यावर घोंगडी, बरोबर शंभरेक मेंढरं. "आदी फूल काढतो, मग पावसात पानं. शेरडू त्याला तोंड लावत न्हाई. ईख असतं त्यात."

मामांशी मग बराच वेळ बोलणं झालं. मेंढरं उतरणीला लागली तशी ते एकदम उठले आणि हाळी देत पुढे धावले. पुढची मेंढरं उजवीकडे वळवली, सगळा कळप एका जागेला वळसा घालून गेला. परत आल्यावर म्हणाले, "टिटवी बसलीया तितं. मेंढरू सहसा पाय देत न्हाई, पन लोंढ्यात एखादं जातं."

मला त्या जागी काहीच दिसत नव्हतं. मी पुढे निघाले तसे ते ओरडले, "ताई, पाय जपून!" मी पाय उचललेलाच होता. खाली पाहिलं. मुरमाचे खडे, मेंढरांच्या लेंड्या, वाळकं गवत. मग त्या खड्यांतले चार खडे एकसारखे दिसू लागले. मातकट रंग, त्यावर काळपट डाग, चारही निमुळती टोकं आत वळवून ठेवलेली, चार पाकळ्यांच्या फुलासारखी. घरटं म्हणावं असं काही नाही, नुसता खळगा आणि भोवती चार खडे मांडलेले. माझा पाय आणि ती अंडी यांत हातभर अंतर होतं. त्या उचललेल्या पायाची आठवण आजही माझ्या अंगावर काटा आणते. मी आल्या पावलांवर मागे गेले. माळटिटवी दूर उभी राहून ओरडत होती. डोळ्यांपुढे पिवळी गाठ, डोक्यावर काळी टोपी, लांब पिवळे पाय.

दहा वाजता ऊन चटके द्यायला लागलं. मी हिवराच्या तुटपुंज्या सावलीत दुर्बीण घेऊन बसले. पक्षी अंडी उबवतो असं आपण शाळेत शिकतो. एप्रिलच्या माळावर मात्र अंड्यांना ऊब नको असते. उघड्यावर सोडली तर ती उन्हानं शिजतील. टिटवी त्यांच्यावर पंख थोडे सैल सोडून उभी राहिली होती, सावली धरून. मग ती उठली आणि तिचा जोडीदार येऊन तिथे उभा राहिला. ती खाली बंधाऱ्याच्या डबक्याकडे गेली. आधी पाणी प्यायली, मग काठाच्या उथळ पाण्यात बसली आणि पोट इकडून तिकडे डोलवू लागली. पोटाची पिसं चिंब झाली तशी उडत परत आली, पण थेट अंड्यांवर उतरली नाही. वीसेक पावलं अलीकडे उतरून, इकडेतिकडे बघत, थांबत थांबत चालत आली. मग ओलं पोट अंड्यांवर टेकवून बसली. साडेअकरापर्यंत हे तीनदा झालं. साधारण चार आठवडे हे चालतं, रोज, दोघांच्या पाळ्यांनी. पखुर्डीचा नर तर पोटाच्या पिसांत पाणी भरून पिल्लांना प्यायला नेतो. ते पाहून कुणीतरी 1896 मध्ये लिहून ठेवलं होतं आणि कित्येक वर्षं पक्षितज्ज्ञांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. टिटवीचं पाणी मी डोळ्यांनी पाहिलं. त्या वेळी माझ्या बाटलीत दोन घोट उरले होते आणि मला ते पिववेनात.

"औंदा टिटवीनं उंचावर अंडी घातल्यात," मामा म्हणाले. "पाऊस बरा हाय म्हनायचा." हा अंदाज कितपत खरा ठरतो याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण मृगाआधी पाऊसपाण्यासाठी ज्याला टिटवीकडे बघावं लागतं, तो माणूस तिच्या अंड्यांवर पाय पडू देत नाही, एवढं मी पाहिलं. लांडग्यांचं मी विचारलं तर म्हणाले, "हायती की. गेल्या म्हयन्यात एक कोकरू न्हेलं." मग थोडं थांबून म्हणाले, "त्याला बी पोट हाय."

पोटखराबा हा शब्द कुठून आला हे शोधायला लागले तेव्हा मला आमच्याच जिल्ह्याचा इतिहास हाती लागला. 1820 च्या दशकात कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करत हिंडत होता. पिकं, माणसं, बाजारभाव यांच्या नोंदी करता करता त्यानं पक्षीही पाहिले आणि 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेकडे सादर केली. त्यातला एक तुरेवाला, तांबूस पोटाचा लहानसा चंडोल आजही साइक्सच्या नावानं ओळखला जातो आणि आमच्या माळावर मुरमाच्या ढिगावर बसून गातो. त्यानंतर चारच वर्षांनी, 1836 मध्ये, बारामतीला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड या दोघांनी जमीनमोजणी आणि सारा आकारणीची नवी पद्धत सुरू केली. शेताचा प्रत्येक तुकडा मातीच्या मगदुराप्रमाणे प्रतवारीत बसवायचा, त्यावर आकार ठरवायचा, आणि पिकूच शकत नाही तो भाग खराब म्हणून वजा करायचा. त्या पद्धतीनं रयतेवरचं आधीचं जाचक ओझं कमी झालं, हे खरं आहे. ज्या जमिनीतून शेतकऱ्याला काही मिळत नाही तिचा सारा त्याच्याकडून घेऊ नये, ही दयाच होती. पण त्या दयेतून उरलेला शब्द जमिनीला चिकटला. एका यादीत तोच माळ चंडोलांचा होता, दुसरीत खराब. आपण दुसरी यादी सांभाळली. ती तलाठी कार्यालयात मिळते. पहिली शोधावी लागते.

त्यातूनच पुढचं सगळं आलं आहे. देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह 2000 पासून सरकार प्रसिद्ध करतं. त्यात झुडपी जमीन, खडकाळ जमीन, ऱ्हास पावलेली कुरणं ही सगळी पडीक या एकाच पिशवीत जातात. पडीक म्हटलं की ती कामाला लावायला पाहिजे, हे ओघानंच येतं.

मे महिन्यात मी साताऱ्याला गेले तेव्हा मुद्दाम चाळकेवाडीला जाऊन आले. सज्जनगड मागे टाकून ठोसेघरच्या पुढे वर चढलं की हजार मीटरहून उंच, सपाट, वाऱ्यानं झोडपलेलं पठार लागतं. सगळीकडे पवनचक्क्या. सप्टेंबरात याच सातारा जिल्ह्यातल्या कासला गाड्यांची रांग लागते आणि माणसं फुलांपेक्षा जास्त होतात. मे महिन्यात चाळकेवाडीच्या पठारावर माझ्याशिवाय एक गुराखी होता. मला बघायचा होता सरडा.

दगडावर बसलेला दिसला तेव्हा तो बाभळीच्या सालीच्या रंगाचा, बोटभर अंगाचा, अगदी सामान्य प्राणी होता. मग पलीकडच्या दगडावर दुसरा नर आला. पहिल्यानं पुढचे पाय ताठ केले, मान उंचावली आणि गळ्याखालची घडी उघडली. निळा, काळा आणि नारिंगी. गळ्यापासून पोटाच्या मध्यापर्यंत पोचणारा जपानी पंखाच जणू, झटक्यासरशी उघडणारा आणि मिटणारा. निळा रंग असा, की त्यापुढे आभाळ धुरकट वाटावं. उघडला, मिटला, उघडला. दोन दगडांमधल्या चार हातांच्या जागेसाठी आणि कुठेतरी गवतात बसलेल्या मादीसाठी हा सगळा झगमगाट. मी तासभर उन्हात पालथी पडून तो बघत होते. कोपरं भाजली, पण उठवेना.

या सरड्यांचा गट वेगळा आहे हे शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये मांडलं आणि त्या प्रजातीसमूहाला जे शास्त्रीय नाव दिलं ते आहे सरडा. आपला साधा मराठी शब्द, आता जगभरच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत. चाळकेवाडीवरून ज्याचं वर्णन केलं तो सरडा सुपर्बा. मला या गोष्टीचा फार आनंद झाला. ज्या जमिनीला आपल्या कागदांनी नाव नाकारलं, तिच्यावरच्या एका प्राण्यानं आपल्या भाषेतला शब्द शास्त्रात नेऊन ठेवला.

त्याच पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पवनचक्क्यांचा अभ्यास केला. तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी आढळले. ते कमी झाल्यावर सरड्यांची संख्या वाढली. माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळेनासे झाले, त्यांच्या रक्तातलं तणावाचं संप्रेरक कमी झालं. इतकं ऐकून कुणाला वाटेल, बरंच झालं की. पण एवढ्या सरड्यांना अन्न पुरेना, ते रोडावले. आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके पडले. वरून गरुड-ससाण्याची सावली नाहीशी झाली आणि खाली सरड्याचा निळा उतरला. वीज मलाही लागते. हा मजकूर मी विजेच्याच दिव्याखाली लिहिते आहे. पण पवनचक्क्या कुठे उभ्या करायच्या हे ठरवताना तिथे आधी कोण राहतं हा प्रश्न पडला पाहिजे, आणि ओसाड म्हटलेल्या जागेबद्दल तो कुणाला पडत नाही.

आमच्या माळाच्या पूर्वेचा तुकडा गायरानाचा आहे. तिथे काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं वृक्षारोपण केलं. हेतू चांगला होता, त्याबद्दल मला शंका नाही. शाळेची मुलं आली, भाषणं झाली, गिरिपुष्पाची रोपं लागली. पुढच्या एप्रिलपर्यंत बहुतेक रोपांच्या काटक्या झाल्या होत्या, जी जगली त्यांच्याखाली गवत येईना. पण खरी हानी खड्ड्यांनी आणि चरांनी केली. ओळीनं खणलेला मुरूम गवतावर पसरला. त्या तुकड्यावर आधी धाविक दिसायचे. तांबूस डोक्याचा, डोळ्यामागे काळी-पांढरी रेघ ओढलेला, लांब पायांचा हा पक्षी. नावाप्रमाणे तुरुतुरु धावतो, एकदम थबकतो, वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा धावतो. त्याला धावायला उघडी, सपाट, विरळ गवताची जमीन लागते, आणि अंडीही तो तशीच उघड्यावर घालतो. चरांच्या रांगांमध्ये तो काय करणार? तीन उन्हाळे मी तिथे जाते आहे, मला तो दिसलेला नाही. गवताची मुळं वर्षानुवर्षं जमिनीत कार्बन धरून ठेवतात, माती बांधून ठेवतात, पहिल्या पावसाचं पाणी जिरवतात. झाड लावणं पुण्याचं काम आहे ते झाडाच्या जागी. गवताच्या जागी ते घर पाडून देऊळ बांधण्यासारखं आहे.

आत्यानं माळढोक पाहिला होता. तिच्या लहानपणी, याच माळावर. "पोराएवढा पक्षी," ती सांगायची, "मान ताठ करून चालायचा, पाटलासारखा." मला तो दिसला नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं, त्यामागे बी. एस. कुलकर्णी यांचा ध्यास होता. कागदावर ते 8,496 चौरस किलोमीटरचं होतं, गावं आणि पिकती शेतं सगळी त्यात. लोकांना ते जाचक झालं, आणि पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. लोकांची तक्रार खरी होती. पण ज्याच्यासाठी हे केलं तो पक्षी एका विणीला बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर, आणि 2011 पासून तो जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. आमच्याकडे, सुप्याच्या मयुरेश्वर अभयारण्यात, 1997 पासून जेमतेम पाच चौरस किलोमीटर माळ चिंकाऱ्यांसाठी राखलेला आहे. चिंकाऱ्यांना ती हद्द ठाऊक नाही. ते आमच्या पोटखराब्यावरही येतात. सकाळी ओघळाच्या मऊ मातीत त्यांचे खूर मी पाहिले.

मे संपता संपता मी पुन्हा गावी गेले, वाटणीच्या सह्यांसाठी. आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला. आधी धुळीची भिंत, मग टपोरे थेंब, मग अर्धा तास नुसतं कोसळणं. सकाळी माळावर गेले तर माती वाफाळत होती. उघड्या मुरमावर मखमलीचे लाल ठिपके सरकत होते. मृगाचे किडे मृगाच्या आधीच बाहेर पडले होते. एक तळहातावर घेतला. शेंदरात बुडवलेली मखमल, आठ पाय आणि कसलीही घाई नाही. आठवड्याभरानं पांढऱ्या मुसळीच्या जातीचे कंद जागे होतील, गवतात पांढऱ्या चांदण्या येतील, पुनर्नवा नावाप्रमाणे पुन्हा नवी होईल. पण त्या सकाळी मी वाकून कुसळं बघत होते. एप्रिलमध्ये गुंत्यांनी पडलेली होती ती आता एकेक करून उभी राहिली होती, टोकं जमिनीत आणि शेपटं वर, आणि कान लावला तर ऐकू येईल इतक्या हळू फिरत होती. अख्खा माळ स्वतःला पेरत होता.

टिटवीच्या खळग्यात अंडी नव्हती. भोवतीचे खडे तसेच होते. थोड्या अंतरावर आई-बाप ओरडत होते, म्हणजे पिल्लं जवळपास होती, धोक्याची हाक ऐकून जमिनीशी चपटी होऊन पडलेली. ती मी शोधली नाहीत.

दुपारी सगळे बैठकीला बसले. विहिरीकडचं रान कुणाला, ओढ्याकाठचं कुणाला, यावर दोन तास गेले. पोटखराब्याची ओळ आली तेव्हा मी म्हटलं, "तो माझ्याकडे राहू दे." दादानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुला काय करायचाय?" "काही नाही करायचंय," मी म्हटलं. मामांची मेंढरं पहिल्यासारखीच तिथे चरतील, एवढंच आम्ही तोंडी ठरवलं.

तुमच्या गावाला असा माळ असेल तर या उन्हाळ्यात एकदा पहाटे जाऊन या. तिथे झाडं लावू नका, गवत पेटवू नका. मार्च ते जूनमध्ये गाडी रस्त्यावरच सोडा, पायवाट सोडू नका, कुत्रं मोकळं सोडू नका. अंडी उघड्यावर असतात, खड्यांसारखीच दिसतात, आणि पाय उचललेला असतो तेव्हाच कळतं.